चमच्यातूनही नाही

या, असे जवळ सरकून बसा. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगायची नाही. एका बाईची आहे, तिच्या माणसाची आहे, आणि त्या दोघांच्या मध्ये पडलेल्या एका शब्दाची आहे. शब्द अगदी लहान. पण घशात अडकतो तो काटा लहानच असतो. मोठा असता तर माशाबरोबर ताटातच राहिला असता.

तर — पिशवी हलली का?

झाम्फिराला वाटलं, हलली. खाटेच्या लोखंडी दांडीला अडकवलेली ती लघवीची प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर छापलेल्या निळ्या रेघा, आणि सगळ्यात खालच्या रेघेच्याही खाली, कोपऱ्यात गोळा झालेलं ते एवढंसं काळपट पाणी... चुलीवर विसरून राहिलेल्या चहासारखं. नर्स सकाळी बघून गेली तेव्हाही तेवढंच होतं. नळी कुठे वाकली असेल म्हणून झाम्फिरानं ती दोन बोटांनी चाचपत वरपर्यंत सरळ केली. नळी सरळच होती. वर चादरीखाली तिच्या नवऱ्याचं, तोआदेरचं पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगलेलं, बेंबी बाहेर आलेली, आणि त्या पोटाच्या दोन्ही बाजूंना त्याचे हात असे, जसे कुणी दुसऱ्याचेच आणून ठेवले आहेत. पोटात बादल्याच्या बादल्या पाणी, आणि पिशवीत नवा थेंब नाही. विहीर तुडुंब आणि पोहरा कोरडा — हे कुठलं शास्त्र, देवमाते, हे कुठलं...

पलीकडच्या खाटेवरच्या मिहालाकेनं तिला पुन्हा वाकलेली पाहिलं. हा मिहालाके जन्मभर वाइनची पिंपं बांधणारा माणूस, आणि आता स्वतःच पिंपासारखा, डोळ्यांच्या पांढऱ्यापर्यंत पिवळा. बघून पिशवी भरत नसते, वहिनी, तो म्हणाला, मी जन्मभर पिंपांकडे बघत बसलो, एक आपणहून भरलं नाही. मग तोआदेरकडे हनुवटी करून म्हणाला, "आम्ही दोघं एका रंगाचे झालो बघा, लोक सख्खे भाऊ समजतील. यानं दारू सोडली म्हणून असा झाला, मी सोडली नाही म्हणून असा झालो. आता देवाला काय पाहिजे होतं ते देवानं एकदा स्पष्ट तरी सांगावं."

झाम्फिरा हसली नाही, पण रागावलीही नाही. हा माणूस रात्री आईला हाका मारतो हे तिला ठाऊक होतं.

खिडकी बंद होती तरी वास येत होता. टेकड्यांवरची द्राक्षं उतरवून झाली होती आणि प्रुत नदीपासून इथवर प्रत्येक फाटकामागे, प्रत्येक तळघरात रस फसफसत होता. या दिवसांत आमच्याकडे हवाच आंबूस होते. माश्यासुद्धा झिंगून भिंतीवर आपटतात. हॉस्पिटलचा दरवान, फरशी पुसणारी बाई, भेटायला येणारे — सगळ्यांच्या कपड्यांना तो वास. दर वर्षी हे दिवस आले की झाम्फिरा घराच्या खिडक्या लावून घ्यायची, बाहेरचं ऊन वाया जाऊ द्यायची, आणि तोआदेर काही न बोलता अंगणात अक्रोड फोडत बसायचा, आणि फोडता फोडता गुणगुणायचा, आणि ती आतून त्या गुणगुणण्याचा सूर तपासायची... सूर सरळ आहे ना, शेवटची ओळ ओढून तर नेत नाही ना. वर्षानुवर्षं सूर सरळच होता. तरीही ती तपासायची.

नर्स सिरपची बाटली घेऊन आली. हे सिरप गोड, चिकट. पोट साफ ठेवलं नाही तर लिव्हरला न जमलेलं विष डोक्यात चढतं म्हणून देतात, असं झाम्फिराला सांगितलेलं. चढलं होतंच थोडं. काल डॉक्टरीणबाईंनी त्याला दोन्ही हात समोर धरायला सांगितले, गाडी थांबवताना धरतात तसे, आणि हात धरलेले राहिनात, पंखांसारखे फडफडले. देवळातल्या गायकाचा हात तो. आठ रागांची देवळाची गाणी त्या हातानं ठेका धरून गावाला चाळीस वर्षं ऐकवली होती... आणि आता तो हात कुणाला तरी लांबून निरोप देत असल्यासारखा.

नर्सनं चमचा पुढे केला. तोआदेरनं डोळे उघडले, ओठ मिटले, आणि नाक पुढे केलं.

"काय आहे?"

"औषध."

"वास घेऊ दे."

नर्सला आता सवय झाली होती. घ्या बाबा घ्या, ती म्हणाली, एवढी चौकशी तुमच्या लग्नाच्या वेळी केली असतीत तर! मिहालाके खोकत हसला. तोआदेरनं वास घेतला, नीट, डोळे मिटून, मग तोंड उघडलं.

झाम्फिरानं मान खिडकीकडे वळवली. चमचा, वास, मग तोंड... गेले कित्येक दिवस रोज हेच, आणि सगळ्यांना वाटतं ते डोक्यात चढलेलं विष आहे. फक्त तिला माहीत होतं की विष नव्हे. या माणसाच्या डोक्यातलं बाकी सगळं विस्कटलं — सकाळ आहे की संध्याकाळ, बहीण आली की आई, कुठल्या सणाचं गाणं — पण हे एक जागेवर होतं. भिंती पडल्या आणि चौकट उभी राहिली.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी तिला व्हरांड्यात बोलावून नेलं होतं. वय लहान, आवाज दमलेला. झाम्फिरानं सरळ विचारलं होतं, की लिव्हर गेलं हे मी समजले, जुन्या दारूनं नेलं, पण किडन्यांना काय झालं? त्यांनी कुणाचं काय वाईट केलं होतं? आणि डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते झाम्फिराच्या मनातून सकाळपासून उतरत नव्हतं.

"किडन्या चांगल्या आहेत त्यांच्या. खरं सांगते. काढून दुसऱ्या कुणाला बसवल्या तर तिथे कामाला लागतील."

मग बंद का?

मग बाईंनी समजावलं होतं, हातानं हवेत आकृती काढत काढत: लिव्हर दगडासारखं घट्ट झालं की पोटातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त तिथेच साचून राहतं, किडन्यांपर्यंत नीट पोचतच नाही. किडन्यांना वाटतं, घरातलं पाणी संपलं. दुष्काळ आला. आणि मग त्या भीतीनं तोट्या आवळून घेतात. पाणी नाही असं नाही, पण त्यांना कोण सांगणार? सांगायचं औषध सलाईनमधून देऊन पाहिलं, त्यांनी ऐकलं नाही. नवीन लिव्हर हा एकच इलाज, पण पोटातल्या पाण्यात जंतू झाले आहेत, एवढी मोठी शस्त्रक्रिया हे शरीर सोसणार नाही. रक्त धुण्याचं मशीन आहे, पण ते पुढे काहीतरी येणार असेल तोवरचा पूल. पलीकडचा काठच नसेल तर पूल कशाला... आज, उद्या, त्या म्हणाल्या. आणि त्याआधी ते झोपेत उतरतील. जे बोलायचं असेल ते आज बोलून घ्या.

चांगल्या किडन्या. काही दोष नसलेल्या. नुसत्या भीतीनं...

आपल्याकडे दगडाचं काळीज म्हणतात, तो दगड डॉक्टरीणबाईंनी झाम्फिराला हवेत काढून दाखवला होता. पण तिला तो तोआदेरच्या पोटात दिसेना. तिला तो भलतीकडेच दिसत होता.

दुपारी आग्लाया आली. तोआदेरची धाकटी बहीण, हातात आंबट सुपाचा डबा, डोक्याला काळा रुमाल आधीच बांधलेला. झाम्फिरानं त्या रुमालाकडे पाहिलं तसं ती म्हणाली की बाहेर गार आहे म्हणून बांधला, बाकी काही नाही. मग भावाच्या पायथ्याशी बसली, त्याचे सुजलेले पाय चोळले, बोट दाबलं की खळगा पडतो आणि भरून येत नाही हे पाहिलं, आणि डोळे पुसून लगेच भांडायला लागली — कारण आग्लायाचं रडणं नेहमी भांडणाच्या दारानं बाहेर येतं. नर्सशी भांडली, उशीवरून. मिहालाकेशी भांडली, तो तिच्या सुपाकडे बघतो म्हणून. मग झाम्फिराकडे वळली.

"वहिनी, पाद्रीबाबांना निरोप गेलाय. मी पाठवला. तू पाठवला नाहीस म्हणून पाठवला. माझा भाऊ देवाच्या घरचा गायक आहे, तो प्रसाद घेतल्याशिवाय जाणार नाही, एवढं लक्षात ठेव."

झाम्फिरा म्हणाली, बरं केलंस.

बरं केलंस, ती म्हणाली, आणि तिनं स्वतःचेच हात काखेत धरले. प्रसाद. पवित्र भाकरी आणि पवित्र वाइन, एकाच चषकात, आणि चषकातून ओठांशी येतो तो... सोनेरी असतो तो, बारीक मानेचा, टोकावर क्रूस असलेला. चमचा.

आणि मग ती तिथे नव्हतीच. ती कित्येक वर्षं मागे, तेव्हाचे पाद्रीबाबा वार्लाम यांच्या देवळात होती, दाराजवळ गार फरशीवर, आणि द्राक्षांचेच दिवस होते. त्याच आठवड्यात शिंप्याचा अंत्यविधी होता, तोआदेर पिऊन आलेला, शवपेटी उघडी, विधवा शेजारी उभी, आणि यानं भरल्या गळ्यानं "पुष्कळ वर्षं जगो" हे गाणं सुरू केलं होतं. लग्नातलं, वाढदिवसाचं. पूर्ण म्हटलं. सुंदर म्हटलं. गाव वर्षभर हसलं — शिंप्याला तोआदेरनं आशीर्वाद दिला, पण उशिरा दिला. घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून झोपला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला, चल, दारू सोडायची शपथ घेऊ. आमच्याकडे अशी शपथ घेतात. पाद्रीबाबांपुढे, शुभवर्तमानाच्या पोथीवर हात ठेवून, आणि जे शब्द तोंडून जातील ते आणि तेवढेच बांधतात. म्हणून शब्द मोजून घालायचे असतात. बाबा वार्लाम जुनं खोड. ते म्हणाले, म्हण: ना बाटलीतून. तो म्हणाला, ना बाटलीतून. ना पेल्यातून. ना पेल्यातून. ना पिंपाच्या तोटीतून. ना पिंपाच्या तोटीतून...

आणि बाबांनी पोथी मिटायला घेतली, आणि झाम्फिराला डोळ्यांसमोर घरचा वाडगा दिसला. बाटल्या तिनं लपवल्या होत्या, पेले बहिणीकडे पाठवले होते, तेव्हा हा वाडग्यात वाइन ओतून, त्यात भाकरी कुस्करून, सुपासारखी चमच्यानं तिच्यासमोर बसून खायचा. मी पितोय कुठे, म्हणायचा, मी तर जेवतोय. आणि पुन्हा भाकरी कुस्करायचा. हे एक भोक राहिलं, तिला वाटलं, या एका भोकातून सगळं परत आत येईल, आणि ती पुढे होऊन म्हणाली —

"आणि चमच्यातूनही नाही."

बाबा वार्लाम दाढीत हसले. बायकोला चोरवाटा ठाऊक असतात, म्हणाले. म्हण रे बाबा, तेही म्हण. आणि तोआदेरनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं होतं. ती नजर... तिला तेव्हा वाटलं, चोरवाट बुजली म्हणून चिडला. मग तो पोथीकडे वळला आणि त्यानं ते बोलून नाही, गाऊन म्हटलं, उतरत्या सुरात, देवळात प्रत्येक ओळीच्या शेवटी उतरतो तसा: चमच्यातूनही नाही.

प्रसाद देतात तोही चमचाच, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. बाबांच्याही नाही. तिच्या मात्र ईस्टरला आलं. सगळं गाव रांगेत, छातीवर हात दुमडलेले, लहान मुलं, म्हाताऱ्या, सगळे एकेक करून पुढे जाऊन चिमणीच्या पिल्लासारखं तोंड उघडत होते, आणि तोआदेर गायकांच्या चौरंगापाशी उभा राहून त्यांच्यासाठी गात होता. गात राहिला. सगळे संपले तरी. तिनं स्वतःचा घास गिळला, वळली, आणि तिला त्याची पाठ दिसली. नुसती पाठ. रविवारचा कोट. गाणारा माणूस शेवटी पुढे येतो, सगळ्यांना ठाऊक आहे, सगळ्यांचं झालं की गायक येतो. तो आला नाही. पुढच्या सणालाही नाही. गावाला वाटलं, गायक नम्र आहे, मठात जाऊन घेत असेल. बाबा वार्लाम पुढच्या थंडीत गेले, नवे इलारियॉन बाबा आले, त्यांनाही तेच वाटलं, आणि कुणी विचारलं तर तोआदेर मान हलवायचा, आणि त्या मानेचा अर्थ कुणी काहीही घ्यावा.

एक वाक्य होतं. चुलीपाशी उभं राहून, पाठ न वळवताही म्हणता आलं असतं. अरे, तो चमचा नव्हे. मी तो म्हटला नव्हता... किती वेळा ओठांवर आलं. पहिल्या वर्षी तिला वाटलं, एवढं त्याला कळायला नको का, शास्त्र शिकलेला माणूस. दुसऱ्या वर्षी वाटलं, हा मला शिक्षा करतोय, माझा शब्द माझ्याच तोंडावर फेकतोय, करू दे. आणि त्या दोन्हींच्या खाली, तळघरात असतं तसं अंधारात, खरं कारण होतं, आणि ते तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तो एक चमचा जिभेवर गेला आणि जिभेला आठवलं तर? देवाच्या रक्ताला तरी वाइनचीच चव असते. त्या चवीच्या मागोमाग वाडगा, बाटली, पिंप, शिंप्याची पेटी... नको. देवापाशी तो उपाशी राहिला तरी चालेल, घरी शुद्धीत असू दे. असं तिनं म्हटलं नाही कधी. म्हणायची गरजच नव्हती, नुसतं गप्प बसलं की म्हटल्यासारखं होत होतं. आणि दर वर्षी ते वाक्य जड होत गेलं, कारण आता त्याच्यावर मागची सगळी वर्षं बसली होती.

पाणी नाही असं नाही, पण त्यांना कोण सांगणार...

"वहिनी, ऊठ. बाबा आले."

इलारियॉन बाबा दारात उभे होते, उंच, ओल्या झग्यात, छातीशी लहानशी पेटी धरून. मिहालाकेनं घाईघाईनं टोपी काढायला डोक्याकडे हात नेला. डोक्यावर टोपी नव्हती. बाबांनी खाटेजवळचं कपाट रिकामं करून घेतलं, त्यावर पांढरा रुमाल पसरला, पेटीतून अंगठ्याएवढा चषक काढला. आजाऱ्यांसाठी वाळवून ठेवलेल्या प्रसादाचा कण त्यात घातला, आणि तो मऊ व्हावा म्हणून एका इवल्या कुपीतून चार थेंब वाइन.

वास लगेच आला. खिडकीतून येत होता तो नव्हे. हा जुना, गोड, बंद कपाटासारखा. मरणाऱ्या माणसाच्या उशाशी उभं राहून तिला अजून भीती वाटली. चार थेंबांची.

बाबा हलक्या आवाजात म्हणू लागले. त्यांच्या गळ्यात सूर कधी नव्हताच. देवळात ते गायला लागले की देवमाता कानावर हात ठेवते असं तोआदेर म्हणायचा, आणि बाबा स्वतः हे लोकांना हसून सांगायचे. आता तिसऱ्या ओळीला तोआदेरची पापणी हलली. डोळे न उघडताच तो पुटपुटला, की बाबा, सहाव्या रागात आहे हे, तुम्ही पाचव्यात उतरलात. इलारियॉन बाबा थांबले. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते म्हणाले, मग तूच धर ना रे सूर. पण तोआदेरला श्वास पुरला नाही.

मग बाबांनी पापांची क्षमा म्हटली, लाल कापड आग्लायाकडे दिलं, हनुवटीखाली धरायला, आणि चमचा पुढे आणला.

तोआदेरनं ओठ मिटले.

वास घेतला. आणि या वेळी वास घेतल्यावर तोंड उघडलं नाही. मान हळूहळू उशीवर एकीकडे वळली आणि तो एकच शब्द म्हणाला: चमचा.

बाबांना समजेना. हो, चमचाच, म्हणाले, तोंड उघड. आग्लाया भावाच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, अरे औषध नाही, प्रसाद आहे, उघड राजा. त्यानं मान हलवली. शपथ आहे, म्हणाला. बाबा वाकले, कसली शपथ? दारूची, तोआदेर म्हणाला, बाबा वार्लामपाशी. तेव्हा इलारियॉन बाबा जवळजवळ हसले, सुटल्यासारखे: ती शपथ याला लागत नाही, मी सोडतो, देवाच्या नावानं सोडतो, हे पाणी आणि हे वारं जितकं मोकळं तितका तू मोकळा.

तोआदेरनं पुन्हा मान हलवली. तुम्ही बांधली नाहीत, म्हणाला. आणि डोळे मिटले. आणि त्या मिटण्यात असं काही होतं की खोलीतल्या सगळ्यांना कळलं, हा माणूस आता जिना उतरू लागला आहे, आणखी दोनचार पायऱ्या उतरला की हाक पोचणार नाही.

विषच चढलंय, आग्लाया रडत म्हणाली, बाबा, त्याला कळत नाही हो, तुम्ही ओठांना लावा नुसतं. बाबा म्हणाले, जबरदस्तीनं नाही देता येत, बाळ. आणि चमचा चषकावर धरून उभे राहिले.

कुणी झाम्फिराकडे बघत नव्हतं. अजूनही बघत नव्हतं. गप्प राहिलं तर कुणाला कधी... वार्लाम मातीत, आणि हा जातोय, आणि आग्लाया उद्या सांगेल, शेवटी शुद्ध नव्हती बिचाऱ्याला. एवढंच होईल. एवढ्यावर सगळं बंद होईल, चांगलं घट्ट. तिनं हात पुढे केला आणि लाल कापड आग्लायाच्या हातातून काढून घेतलं, आणि स्वतः वाकली, त्याच्या कानाशी नव्हे, समोर, डोळ्यांसमोर.

"तोआदेर. चमचा बाबा वार्लामनं घातला नव्हता. मी घातला होता. मीच काढून घेते."

आग्लायाचं रडणं मध्येच थांबलं. तोआदेरनं डोळे उघडले. पिवळे डोळे, त्यात बुडालेलं कुणीतरी, लांबून वर येणारं.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. श्वास घेतला. "वार्लामचा शब्द असता तर... केव्हाच मोडला असता."

एवढंच. आणि ती जी इतकी वर्षं त्याची पाठ बघत आली होती — रविवारचा कोट, खांद्यापाशी चकाकणारा — ती पाठ त्या क्षणी, त्या वाक्यानं, वळली. शिक्षा नव्हती ती. राग नव्हता. सगळं गाव घास घेऊन घरी जात होतं आणि हा माणूस उपाशी उभा राहून गात होता, कारण बायको दारातून त्याचा सूर तपासत होती, आणि त्याला ते माहीत होतं. तिच्या भीतीला झोप लागावी म्हणून तो वर्षानुवर्षं पाय न वाजवता घरात वावरला होता. आणि तिला वाटलं होतं, तो दूर गेला.

"मग मोड आता," तिनं म्हटलं. "मी सांगते ना. मोड."

त्याचे ओठ हलले. बाबांना ऐकू आलं नाही, आग्लायालाही नाही, तिला आलं.

"तुला... भीती नाही वाटणार?"

नाही म्हणायचं होतं तिला. मरणाऱ्याला नाहीच म्हणतात. पण तो वास तिच्या आणि त्याच्या मध्ये होता, आणि या माणसाला आता काय सांगायचं, आणखी एक खोटं? सूर ओळखणारा माणूस. त्याच्या कानाला लगेच कळलं असतं.

"वाटेल," झाम्फिरा म्हणाली. "वाटू दे."

त्याच्या कपाळावरची एक रेघ सैल पडली. हसला की नुसता श्वास सोडला, कोण जाणे. डोळे पुन्हा मिटले. बाबा पुढे झाले, आणि थांबले, आणि तिच्याकडे पाहिलं, जणू आता तिनं सांगायचं होतं. तिनं लाल कापड दोन्ही हातांनी त्याच्या हनुवटीखाली धरलं. ओठ मिटलेले नव्हते, उघडलेलेही नव्हते. श्वास आत जाताना एवढीशी फट पडायची, बाहेर येताना मिटायची. ती त्या फटीकडे बघत राहिली. भीती होतीच अजून, छातीत, नेहमीच्या जागी. पण आता त्या भीतीपाशी राखायला काही नव्हतं. घरातली माणसं निघून गेल्यावरही दारात बसून राहिलेल्या कुत्र्यासारखी ती नुसती बसून होती, आणि झाम्फिराला तिची पहिल्यांदाच दया आली... आणि त्या दयेच्या पलीकडे, खूप आत, काहीतरी सुटू लागलं, गरम, डोळ्यांपर्यंत यायला अजून वेळ असलेलं. उघड, ती मनात म्हणत होती. उघड. भुकेला आहेस. किती भुकेला आहेस तू...

पुढचं मला विचारू नका. आमच्या देवळांत मेणबत्त्या लावायच्या दोन जागा असतात, एक जिवंतांसाठी आणि एक गेलेल्यांसाठी. त्याची कुठे लावायची तेही मी सांगणार नाही. तुम्ही तुमच्या देवापुढे दिवा लावाल तेव्हा ज्योत स्थिर होईपर्यंत क्षणभर थांबा आणि तोआदेरची आठवण करा, जो दुसऱ्यांच्या घासासाठी गात राहिला. आणि त्याचं नाव घेतलंत की श्वास तोडू नका. त्याच श्वासात झाम्फिराचंही घ्या.